दाबा, धरून ठेवा

गाडी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडली की पहिल्या दहा-बारा मीटरांत बाबा एकदा ब्रेक दाबायचे. समोर कुणी असो, नसो. मागे बसलेल्या आईला दरवेळी बारीकसा हिसका बसायचा आणि ती दरवेळी पुढच्या सीटची पाठ धरायची. बोलली मात्र कधीच नाही. मोटरमनशी संसार केलेल्या बाईला तो हिसका कशासाठी हे सांगावं लागत नाही. रेल्वेत त्याला ब्रेक फील टेस्ट म्हणतात. गाडी ताब्यात घेतली की ती आपल्या हाताखाली कशी थांबते ते आधी बघून घ्यायचं, आणि मगच वेग घ्यायचा.

बाबा 2004 साली मध्य रेल्वेतून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशांतून त्यांनी मारुती झेन घेतली. 993 सीसीचं पेट्रोल इंजिन, गोलसर अंग, मुलुंडच्या आमच्या गल्लीत एका झटक्यात वळेल एवढाच पसारा. दोन वर्षांनी, 2006 मध्ये, ते मॉडेलच बंद झालं. आमची गाडी मात्र चालत राहिली. 2019 मध्ये तिला पंधरा वर्षं झाली तेव्हा पर्यावरण कर भरून पुन्हा नोंदणी केली, 2024 मध्ये आणखी एकदा. मधल्या काळात बाबांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि किल्ली माझ्याकडे आली. गेटबाहेरचा तो ब्रेक मात्र मी घेतला नाही. आता वाटतं, किल्लीबरोबर तोही घ्यायला हवा होता.

गेल्या वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल, बाबांना डॉक्टरांकडे घेऊन निघाले होते. एलबीएस मार्गावर भांडुपच्या अलीकडे बस थांब्याला लागली होती, सर नुकतीच ओसरली होती, रस्ता ओला. माझा वेग तिशीच्या आसपास असेल. बसच्या पुढून एक मुलगी धावत आली. निळा पिनाफोर, पाठीवर तिच्या मापापेक्षा मोठं दप्तर. मी ब्रेक दाबला आणि पेडल पायाखाली ओल्या स्पंजासारखं दबत गेलं, जिथे नेहमी धरतं त्याच्या बरंच खाली. मग गाडी धरली, पण सगळी डावीकडे ओढत. आरसा बसच्या पत्र्याला टेकता टेकता राहिला. मुलगी बंपरपासून वीतभर अंतरावर होती. तिने बॉनेटवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि पळत पलीकडे गेली.

मी बाबांकडे वळले. शेजारच्या सीटवर बसलेला माणूस अशा वेळी पायाने जमीन दाबतो. बाबांचे पाय जागच्या जागी होते. त्यांचा हात हवेत पुढे आलेला होता आणि मूठ वळून घट्ट झाली होती. तिथे नसलेला हँडल त्यांनी पूर्ण ओढला होता.

डॉक्टरांकडे त्यांचं ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं. आम्ही दोघंही त्याचं कारण बोललो नाही.

त्याआधीच्या वर्षभरात डॅशबोर्डवरचा लाल दिवा दोन-तीनदा लागला होता. वळणावर लागायचा, सरळ रस्त्यावर विझायचा. मी पंपावरून ब्रेक ऑइलची बाटली घेतली, डबीत खुणेपर्यंत भरलं, दिवा गेला, मी विसरले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुष्कळ जण असंच करत असणार. ब्रेक ऑइल हे इंजिन ऑइलसारखं जळत नाही, पेट्रोलसारखं संपत नाही. बंद नळ्यांमधलं ते द्रव आहे. त्याची पातळी दोनच कारणांनी उतरते. एक तर चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे पॅड झिजून पातळ झालेत आणि त्यांना दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन पुढे आल्याने मागची जागा भरायला ऑइल खाली गेलंय, किंवा कुठेतरी गळतंय. तो दिवा आपल्याला काहीतरी विचारत असतो. वरून ऑइल ओतलं की प्रश्न तसाच राहतो, फक्त विचारणारा गप्प होतो. चूक माझी होती, गाडीची नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर बाबा लोकलबद्दल बोलले. सहसा बोलत नाहीत. लहानपणी आम्हाला एक नियम माहीत होता. ते घरी आल्यावर चपला काढून सरळ न्हाणीघरात गेले आणि आधी अंघोळ केली, तर त्या दिवशी त्यांना काही विचारायचं नाही. रूळ ओलांडणारं कुणीतरी गाडीखाली आलेलं असायचं. बारा डब्यांची लोकल स्वतःच अडीचशे मीटरहून लांब असते. ताशी 80 किलोमीटरला असताना पूर्ण ब्रेक लावला तरी थांबायला 300 मीटरच्या आसपास लागतात, कारण पोलादी रुळावर पोलादी चाकाला टायरसारखी पकड नसते. माणूस दिसतो तेव्हा तो 300 मीटरवर नसतो. "शिट्टी देतो, हँडल पूर्ण टाकतो आणि मग नुसतं बघत राहायचं असतं," बाबा म्हणाले. "तुझ्या गाडीत तसं नाही. ती थांबू शकते. मग तिने थांबलंच पाहिजे."

त्यांच्या या वाक्याने मला रात्री झोप लागेना. या गाडीवर मी गेल्या काही वर्षांत काय काय केलं होतं ते आठवत होते. एसीचा गॅस भरला, सीटकव्हर बदलली, नवा म्युझिक सिस्टीम लावला, खिडक्यांची रबरं घातली. सगळं आत बसणाऱ्यांसाठी. अख्ख्या गाडीत एक ब्रेक तेवढा असा आहे की तो आपण बाहेरच्यांसाठी बाळगतो, बसपुढून धावत येणाऱ्या त्या मुलीसाठी, ज्यांचं नावही आपल्याला कधी कळणार नाही अशांसाठी. त्यावर मी एक ऑइलची बाटली खर्च केली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी हळूहळू, हँडब्रेकवर हात ठेवून, भांडुपला मेस्त्रींकडे नेली. त्यांच्या गॅरेजला दार असं नाहीच, रस्त्याला लागून पत्र्याची शेड. पण त्यांनी आल्या आल्या चाक खोलायला घेतलं नाही, हे मला आवडलं. आधी स्वतः बसले. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबलं, घट्ट झाल्यावर धरून ठेवलं आणि मग चावी फिरवली. पेडल थोडं खाली गेलं. "बूस्टर ठीक आहे," म्हणाले. इंजिन हवा ओढतं त्या निर्वाताच्या जोरावर बूस्टर आपल्या पायाला मदत करतो. पेडल खाली गेलं नसतं तर तो किंवा त्याची नळी कामातून गेली असं समजायचं. मग ते पेडल एका जोराने दाबून मनात वीसपर्यंत मोजत बसले. पेडल कणाकणाने खाली सरकत होतं. "गळतंय, ताई."

चाकं उतरल्यावर एकेक उलगडत गेलं. पुढच्या उजव्या कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून जाम झाल्या होत्या. या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच धक्क्याने कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतो. पिना अडकल्या की बाहेरचा पॅड काम सोडतो. आतला पॅड पार पत्र्यापर्यंत गेला होता, बाहेरचा अर्धाही झिजला नव्हता. उजवं चाक नीट धरत नव्हतं, डावं धरत होतं, म्हणून गाडी डावीकडे ओढत होती. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम; त्यात लायनर आतून ड्रमला घासून चाक धरतात आणि त्यांना ढकलतो तो व्हील सिलिंडर. डाव्या ड्रममध्ये तोच पाझरून लायनर ऑइलने भिजलेले. भिजलेला लायनर धुऊन, पॉलिश पेपर मारून पुन्हा लावतात लोक. मेस्त्रींनी तो बाजूला टाकला. "हा आत पितो. गरम झाला की परत सोडतो."

ड्रममधली धूळ काढायला त्यांच्या पोऱ्याने हवेचा पाइप घेतला तशी त्यांनी हाक मारून थांबवलं आणि ओलं फडकं दिलं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्यांच्या उमेदवारीच्या काळात ती धूळ तोंडाने फुंकायची पद्धत होती. त्यांच्या उस्तादांना शेवटी श्वास पुरत नव्हता, एवढंच ते बोलले आणि कामाला लागले.

ब्रेक म्हणजे खरं तर उष्णतेचा व्यवहार, हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर भौतिकशास्त्र आवडलं असतं. माणसांसकट आमची गाडी साधारण 1,000 किलोची. ती ताशी 60 किलोमीटरवरून एकदा थांबवली की तिच्या वेगातली सगळी ऊर्जा डिस्क आणि ड्रममध्ये उष्णता होऊन उतरते. तेवढ्या उष्णतेत साडेचारशे मिलिलिटर पाणी उकळीला येईल, पाच-सहा कटिंग चहाचं. वेग निम्मा केला तर उष्णता निम्मी होत नाही, पावपट होते. आणि लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना साडेपाचशे मीटरची उंची आपण खाली आणतो. ती सगळी ब्रेकनेच आणायची म्हटली तर सतरा लिटर पाणी उकळेल. म्हणून घाटात खालचा गिअर टाकून इंजिनला गाडी धरायला लावायची, ब्रेक अधूनमधून आणि ठामपणे.

हे गणित ब्रेक ऑइलवर येऊन अडतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, रबरी नळ्यांमधून, म्हणजे होजमधूनसुद्धा. डॉट 3, डॉट 4 हे या ऑइलचे दर्जे. कोरडं, ताजं डॉट 3 ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट 4 निदान 230 पर्यंत. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच हमी 140 आणि 155 वर येते. कॅलिपरपाशी ऑइल उकळलं की वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही; पाय थेट तळाला. जिथे मीठ पावसाळ्यात बरणीत पाणी धरतं, त्या मुंबईत हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलायला हवं. आमच्या गाडीतलं ऑइल मेस्त्रींनी पांढऱ्या वाटीत काढून दाखवलं. कोऱ्या चहासारखं काळं होतं.

मी मात्र तोवर वेगळ्याच विचारात होते. आता काम निघालंच आहे तर मोठेच ब्रेक बसवावेत. झेनला पुढे साध्या, एकसंध डिस्क आहेत. मोठ्या गाड्यांना मधून हवा खेळणाऱ्या व्हेंटिलेटेड डिस्क असतात. बाबांच्या त्या वाक्यानंतर मला या गाडीत मिळेल ते सगळ्यात मोठं, सगळ्यात जाड हवं होतं. एका शनिवारी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेले. तिथे भंगारात काढलेल्या गाड्यांचे भाग जातीनिहाय रचलेले असतात, दारांची थप्पी, सायलेन्सरांची मोळी. एका दुकानातून जुन्या व्हेंटिलेटेड डिस्क आणि कॅलिपर घेऊन आले, गोणपाटात गुंडाळून, मांडीवर.

मेस्त्रींनी गोणपाट उघडलं. डिस्कच्या कडेला किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्यांनी व्हर्नियर लावला, डिस्क त्याच्या खाली गेली होती. कॅलिपरचा पिस्टन ढकलून बाहेर काढला तर त्यावर गंजाचे खड्डे. "ताई, दार जुनं घ्या, काच जुनी घ्या. हे नाही." मग त्यांनी मला एक गोष्ट विचारली. आपले ब्रेक नीट असताना जोरात दाबले तर चाक लॉक होतं का, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरतं का? होतं, मला आठवत होतं. "मग ताकद आहे त्यात. त्याहून मोठा ब्रेक लावला तर चाक आणखी लवकर लॉक होईल, गाडी लवकर नाही थांबणार. गाडी टायर थांबवतो."

ही गोष्ट मला तेव्हा पटायला अवघड गेली आणि आता ती मी भेटेल त्याला सांगते. मोठी डिस्क एका थांब्यात अंतर कमी करत नाही. ती पुन्हा पुन्हा, तापून तापून थांबताना टिकून राहते. घाटात रोज उतरणाऱ्याला, भरधाव गाडी पळवणाऱ्याला तिचा उपयोग. शिवाय पुढचा कॅलिपर मोठा केला की पेडलचा जोर ऑइलवर टाकणारा मास्टर सिलिंडर त्याच्या मापाचा हवा, नाहीतर पेडल लांब जातं. पुढचा-मागचा तोल बिघडतो. आणि आमच्या 13 इंची चाकात ते सगळं मावतं का हा प्रश्न उरतोच. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, बसवता येईल का, तेही मी विचारलं. ते भारतात सगळ्या नव्या गाड्यांना 2019 च्या एप्रिलपासून सक्तीचं झालं, पण जुन्या गाडीत बाहेरून घालण्याची ती वस्तू नाही. टायर मात्र सात वर्षांचे होते. नक्षी दिसत होती, रबर मात्र नखाला दगडासारखं लागत होतं.

म्हणून आमची सुधारणा शेवटी अशी झाली. पुढे मूळ मापाच्याच नव्या डिस्क, पण चांगल्या प्रतीचे पॅड. कॅलिपर खोलून नवं रबर किट, पिनांना उष्णतेत न वितळणारं ग्रीस. चारही रबरी होज नवे, कारण जुना होज बाहेरून धडधाकट दिसला तरी आतून सुजतो आणि पायाचा जोर फुगण्यात घालवतो. मागे व्हील सिलिंडर दोन्ही बाजूंचे, लायनर दोन्ही बाजूंचे. ब्रेकचं काम कधीच एका चाकाचं करायचं नाही. ड्रम लेथवर साफ करून घेतले. डॉट 3 च्या जागी डॉट 4. चार नवे टायर. टायर सोडून सगळं मिळून बारा हजारांच्या आत बसलं. म्युझिक सिस्टीमला मी त्याहून जास्त दिले होते.

ब्रेकच्या नळ्या उघडल्या की आत हवा शिरते. ती हवा काढायच्या दिवशी बाबा स्वतःहून आले. या कामाला दोन माणसं लागतात, एक चाकापाशी, एक पेडलवर. पोऱ्या बसत होता, पण बाबा म्हणाले, मी बसतो. एक्याऐंशी वर्षांचे आहेत. मेस्त्री माझ्याकडे बघायला लागले. मी दार उघडलं.

बाबा बसण्याआधी मेस्त्रींनी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबायचं नसतं. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन जिथपर्यंत जातो त्याच्या पुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरल्याने गंजलेला असतो; हवा काढताना तळापर्यंत दाबलं की रबरी सील त्या गंजावरून जातं आणि कापलं जातं. काम करून घरी गेल्यावर चौथ्या दिवशी ब्रेक जातो आणि कारण कुणाला कळत नाही.

मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी. निपलला, म्हणजे ऑइल सोडायच्या तिथल्या तोटीला, पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

"काका, दाबा."

"दाबला."

"धरून ठेवा."

निपल अर्धा आटा सैल, नळीतून काळं ऑइल आणि बुडबुड्यांची माळ. निपल बंद.

"सोडा."

"सोडला."

दरवेळी बाबा उत्तर देत होते, एकदाही नुसती मान हलवली नाही. चाकाखाली झोपलेल्या माणसाला मान दिसत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मोटरमन आणि गार्ड आयुष्यभर बेलच्या ठोक्यांनीच एकमेकांशी बोलतात आणि ठोक्याला ठोक्यानेच उत्तर देतात. तासभर हे चाललं. काळं ऑइल तपकिरी झालं, मग मधासारखं, बुडबुडे तुटक होत होत थांबले. मी डबीत ऑइल भरत राहिले, कारण ती रिकामी झाली तर हवा पुन्हा आत शिरते. दोन थेंब मडगार्डवर सांडले तर मेस्त्रींनी तांब्याभर पाणी ओतलं. हे ऑइल रंग खातं.

मधल्या चहाला बाबा आणि मेस्त्री यांची जी चर्चा झाली ती मला फार महत्त्वाची वाटते. बाबांना मोटारीच्या ब्रेकवर मनापासून कधी भरवसा वाटला नव्हता. आगगाडीत नळी फुटली की ब्रेक आपोआप लागतात. वेस्टिंगहाउसने 1872 मध्ये ती रीत काढली, तेव्हापासून हवेचा दाब ब्रेक सोडून धरण्यासाठी वापरतात. दाब गेला की गाडी थांबते. बोरघाटात तर त्याहूनही पुढचं. उतरणारी गाडी मंकी हिल, ठाकूरवाडीला आधी थांबवायची, ब्रेकची खात्री झाली की मग पुढचा रस्ता द्यायचा. न थांबलेली गाडी कॅच सायडिंगवर, म्हणजे बाजूच्या चढाच्या रुळावर जाते. म्हणजे तिथे बिघाडाची वाटसुद्धा आधीच आखलेली. मोटारीत उलट आहे. नळी फुटली की ब्रेक जातो. मेस्त्री म्हणाले, म्हणून तर काका, दोन वेगळ्या लाइनी करतात, एक गेली तर दुसरी निदान दोन चाकं धरते. बाबा थोडा वेळ कपाकडे बघत राहिले. "पण त्या दोन्ही लाइनींत ऑइल एकाच दिवशी जुनं होतं," ते म्हणाले.

नवे पॅड लगेच पूर्ण धरत नाहीत. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा लागतो. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर पन्नासपर्यंत वेग घेऊन वीसपर्यंत सावकाश उतरायचं, असं आठ-दहा वेळा, मधे थंड होऊ देत. पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवायचं नाही, नाहीतर तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही दोघं पूर्व द्रुतगती महामार्गावर गेलो. गेटबाहेर पडल्यावर दहा मीटरांवर मी ब्रेक दाबला. पेडल वरच, पायाच्या चवड्याखाली, लाकडासारखं घट्ट. बाबा काही बोलले नाहीत.

ऐरोलीच्या फाट्यापासून विक्रोळीपर्यंत वेग घेत, सोडत गेलो. नव्या पॅडचा जळका वास गाडीत आला तेव्हा त्यांनी काच खाली केली. परतताना आमच्या सिग्नलला दुधाचे क्रेट सायकलवर लादलेला एक माणूस लाल दिव्याची पर्वा न करता मधे आला. मी थांबले. गाडी सरळ, एका रेषेत थांबली. तो गेला. मी बाबांच्या हाताकडे बघितलं नाही, बघायचं नाही असं ठरवलंच होतं.

गाडी लावल्यावर बाबा उतरले आणि लिफ्टकडे जायच्या ऐवजी पुढच्या उजव्या चाकापाशी वाकले. तळहात रिमजवळ, न टेकवता धरला. मग बॉनेटला वळसा घालून डाव्या चाकापाशी. पूर्वी यार्डात अशीच पालथ्या हाताने अ‍ॅक्सल बॉक्सची, म्हणजे डब्याच्या चाकांच्या आसाची टोकं ज्यात फिरतात त्या पेट्यांची, धग बघत जायचे, असं ते सांगत. मग मागची दोन्ही. एक चाक दुसऱ्यापेक्षा गरम लागलं तर तिथला ब्रेक चिकटून बसलाय असं समजायचं.

"पुढची दोन्ही सारखी आहेत," गुडघ्यावर हात देऊन उठत ते म्हणाले. "मागचं उजवं किंचित गरम आहे. मेस्त्रींना हँडब्रेकची तार एक आटा सैल करायला सांग."